अंगठा

मोहरटोल्याच्या शंकरपटात मी सत्तावीस वर्षं घड्याळ धरलं.
सीताबर्डीवरून आणलेलं, चावीचं.
त्याची गुंडी अजून अंगठ्याला आठवते.

यंदा यंत्र आलंय.
दोन खांब, मधे न दिसणारी तार,
बैलाचं नाक लागलं की पाटीवर आकडा.
समितीच्या पोरांनी मला खुर्ची दिली, शाल दिली,
आणि माईकवर माझं आडनाव चुकवलं.

दाणीच्या दोन्ही अंगांना दोर बांधलेत,
दोरामागे माणसं विरळ, मोबाइल दाट.
जोड्या पिकअपमधून उतरतात,
पाठीवर पेंडवाल्या कंपनीची झूल,
पळाल्या की पुन्हा पिकअपमध्ये.
मुक्कामाला कोणी नाही.

पूर्वी पाव्हणे मोजायचे ते तणशीवरून.
निजायला पसरून घरची तणस संपली की शेजाऱ्याची आणायची,
शेजाऱ्याचीही संपली
की म्हणायचे, पट गाजला गा यंदा.
सरूबाई कापगतेच्या तिन्ही पोरी पटातच पसंत पडल्या,
चौथी नाही पडली, तर ती वर्षभर पटावरच रुसली.
रात्री सात मंडप, सात नाटकं.
एकातला खलनायक हसला
की दुसऱ्यातली विधवा रडायची थांबे,
त्याचं संपलं की पुन्हा सुरू.
यंदा एकच मंडप.
साडेअकराला पडदा पडला आणि कोणी भांडलं नाही.

मधे बंदीची वर्षं गेली.
इस्तारीनं दाणीवर लाखोळी पेरली, बरी झाली.
बंदी उठली तेव्हा आम्ही फटाके फोडले,
पण तोवर पाव्हण्यांना
दुसऱ्या पंगतींची सवय लागली होती.

एक तेवढं उरलं.
शाळेच्या भिंतीवर, निळ्या रंगात:
दुधराम खुणे, जोडी भुऱ्या-तुफान,
सहा सेकंद बावन्न पॉइंट.
लाखालाखांचे बैलवाले अजून येतात ते त्या भिंतीसाठी.
चहाच्या आधी विचारतात,
"सहा-बावन्न कोठी लिवलं हाये जी?"

ते मी सांगतो.
जे कोणाला सांगितलं नाही ते असं,
की त्या दिवशी धुळीत झेंडी दिसेना.
रेषा दिसेना. बैल तर नाहीच.
मी कानावर होतो.
आणि आवाज आधी आला.
मोहाच्या फांद्यांवरची पोरं, बंड्यांवर उभ्या बाया,
पन्नास गावांचं माणूस
बैलांच्या पुढं धावलं
आणि अंगठा दबला.
मग धुळीतून खुरं ऐकू आली,
माझ्या समोरून,
मागाहून.

हातात सहा-बावन्न थांबलेलं.
दुधराम लोकांच्या खांद्यावर, तोंडात धूळ, रडत होता.
सगळे माझ्याकडे बघत होते.
मी आकडा वाचला.

आज शेवटची जोडी वर्ध्याकडची.
देखणी पळाली, जू हललं नाही.
पाटीवर सहा एकाहत्तर.
इतकं शांत होतं
की पाटीचा टिक् मला खुर्चीत ऐकू आला.
धुरकरी पोरगा बैलांना पाणी दाखवून भिंतीपाशी गेला,
आकड्यावर तळहात ठेवून उभा राहिला.
"कसे पयाले असतीन जी ते बैल?"
"पयाले," मी म्हटलं. "लय पयाले."
"येतो मंग पुढच्या साली."

संध्याकाळी पेंटर शिडी घेऊन आला.
भिंतीचे पोपडे निघालेत, पुन्हा काढायचं होतं सगळं.
खालून ओरडला, आकडा तोच ना, काका?
मी शाल सावरली. अंगठा तिच्या आत होता.
तोच, म्हटलं.
पॉइंट जरा ठळक काढ.