ओलाव्याची वजावट

माझ्या कादंबरीतली मुलगी सातव्या प्रकरणात
लोखंडी मापं उचलते
आणि एकेक करून सुप्सा नदीत टाकून देते.
ते वाचून तिबिलिसीतल्या बायका मला पत्रं लिहितात.
एका शाळेत तर तो उतारा परीक्षेला आला :
'नायिकेने सत्तेला कसे आव्हान दिले, ते लिहा.'
गुण पाच.

खरं सांगायचं तर
वीस किलोचं माप मला जागचं हलतही नव्हतं.

गुरियातलं आमचं गाव, चहाच्या उतारावर.
खाली रस्त्याला पत्र्याची शेड, शेडमध्ये काटा,
काट्यापाशी माझे वडील, सेव्हेरियान,
कानामागे शाईची पेन्सिल,
ओली केली की जांभळी उमटणारी.
दिवेलागणीला बायका पाठीवरच्या टोपल्या उतरवायच्या.
वडील काट्याकडे बघायचे, मग मान वर करून आभाळाकडे,
मग पेन्सिलीला जीभ लावून म्हणायचे :
"ओलाव्याचे दोन वजा."

आठ-आठ दिवस पाऊस नसायचा,
पानं मुठीत कुरकुरायची.
तरी दोन वजा.
कुणी हूं की चूं केलं नाही.
गावात वडिलांच्या शब्दाला वजन होतं
ते नेमकं एवढंच,
टोपलीमागे दोन किलो.

महिन्याला एकदा जिल्ह्याहून जीप यायची.
त्या दिवशी वडील टोपी काढून उभे राहायचे
आणि साहेब वही चाळत
त्यांच्याच आवाजात म्हणायचे, "कमी आहे."
त्यांचाही काटा कुठेतरी असणार.
मी कधी पाहिला नाही.

माझ्या तेराव्या वर्षी, ऑगस्टात,
वडिलांचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं.
नऊ दिवस काटा माझ्याकडे.

पहिली टोपली पेलागियाची. सत्तरीची बाई.
एकतीस भरली, मी एकतीस लिहिले.
तिनं आकडा पाहिला, मग मला पाहिलं.
"पोरी, दोन विसरलीस."
नाही, म्हटलं. विसरले नाही.
मला वाटलं होतं ती हसेल, गालावरून हात फिरवेल.
ती घाबरली.
"आज तू आहेस," ती म्हणाली,
"परवा तो उठेल. मग हे दोन कुणाच्या नावावर?"
आणि दोन किलो पानं
जमिनीवर काढून ठेवून निघून गेली.

कादंबरीत इथवर मी जवळजवळ खरं लिहिलं आहे.

पाचव्या दिवशी लामारा आली.
वर्गात माझ्याच बाकावर बसायची.
मुलांसमोर म्हणाली होती,
हिच्या बापाची जीभ जांभळी आहे,
चोरून तुती खाल्लेल्या कुत्र्यासारखी.
टोपली अठरा भरली.
पानं कोरडी खणखणीत, देठं टोचत होती.

मी मान वर केली.
आभाळ निळं होतं, डाग नाही कुठे.
मानेला हे कुणी शिकवलं होतं, मला ठाऊक नाही.
पेन्सिल जिभेला लावली. कडू, जरा खिळ्यासारखी.
"ओलाव्याचे तीन वजा."

तीन. वडीलसुद्धा दोनच करायचे.

लामारा काही बोलली नाही.
रिकामी टोपली तिनं पाठीला लावली,
पट्टा दोनदा सुटला तिच्या हातून.
मागं उभ्या असलेल्या बायका, पेलागियासुद्धा,
एकाएकी सैलावल्या.
काटा ठिकाणावर आला होता.

वडील परतले, पोटावर हात धरून बसले,
वही मागवली.
एकेक पान उलटत गेले. एका ओळीवर नख थांबलं.
"तीन?"
"पानं ओली होती," मी म्हटलं.
खिडकीबाहेर शेत तडकलं होतं.
आईनं भाकरी उलटली, पाठ आमच्याकडे.

बराच वेळ गेला.
मग त्यांनी कपाटातून मोठ्या माणसांचा पेला काढला,
घरच्या इझाबेला द्राक्षांची वाईन
बोटभर ओतली, माझ्यापुढे सरकवली.
त्याआधी कधी दिली नव्हती.

प्यायले. उठून आरशात जीभ बघितली.
वाईनची जांभळी कुठली, पेन्सिलीची कुठली,
काही कळत नव्हतं.