पाव फेरा

सातपूरला एकतीस वर्षं मी प्रेसच्या पोटाखाली
उताणा पडून काढली.
तेल गळतं तिथं पाना घालायचा,
दातओठ खाऊन अर्धा फेरा जास्तीचा द्यायचा
आणि सुपरवायझरला सांगायचं, झालं.
बाथरूमचा नळसुद्धा मी असाच पिळत आलो.
तो अजून टपकतो, ही गोष्ट वेगळी.

वृषालीच्या टेबलावर कॉम्प्युटरची पेटी उघडी.
काचेची बाजू काढून भिंतीला टेकवलेली,
आत वाकवलेल्या स्वच्छ नळ्या
आणि मधोमध ग्राफिक्स कार्ड,
तिच्या चार पगारांएवढं.
बाबा, पाणी इथून निघून इथे फिरणार.
विजेला चिकटून?
म्हणून तर तुम्हाला बोलावलं.

मी खिशातून टेफलॉन टेप काढली.
ती हसली नाही, हे तिचं चांगलं.
म्हणाली, इथं आटे नुसते धरून ठेवतात,
पाणी अडवते ती ही.
आणि तळहातावर ठेवली एक काळी रिंग,
शर्टाच्या बटणाएवढी, मधून पोकळ.

नळीची कापलेली कड तिनं पॉलिश पेपरवर
गोल गोल फिरवून बोथट केली.
धार राहिली तर आत जाताना रिंग कापते.
मुंबई नाक्याच्या बॅटरीवाल्याकडून आणलेलं
डिस्टिल्ड वॉटर, त्यात बोट बुडवून
रिंगवर फिरवलं,
तव्यावरच्या भाकरीला पाणी फिरवावं तसं.

बारा फिटिंगं. अकरा तिनं बसवली.
बारावं, पंपाजवळचं, खालच्या कोपऱ्यातलं,
मी मागून घेतलं.
बोटांनी घट्ट झालं. तिथंच थांबायचं होतं.
पण एकतीस वर्षं बोटांतच मुरलेली असतात.
ती चहा ठेवायला गेली
आणि मी हळूच पाना लावला.

रात्री फक्त पंपाला वीज, बाकी सगळ्या वायरी काढलेल्या.
प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपरची घडी.
झोपा आता, म्हणाली. मी खुर्ची ओढली.
जानेवारी. तिकडं निफाडला
द्राक्षबागांत शेकोट्या पेटल्या असतील.
पंप आधी हवा गिळत घुरघुरला,
मग गप्प झाला.
बुडबुडे एकेक करून वर चढले,
वळणावर रेंगाळले, गेले.

टॉर्च मारून अकरा घड्या बघितल्या. कोरड्या.
बारावी मी मुद्दाम शेवटी ठेवली होती.
पहाटेचे पावणेचार.
मोहरीएवढा डाग.
बोट लावलं तर गार.

तेल गळलं की वास येतो, फरशी काळी पडते,
कुणीतरी घसरतं, आरडाओरडा होतो.
पाणी काही म्हणत नाही.
ते फक्त खाली जायची वाट शोधतं,
आणि खाली ते कार्ड नव्हतं
हे माझं नशीब, कसब नव्हे.

पंप बंद केला. तिला उठवलं.
डोळे चोळत तिनं पाणी उपसलं, जोड उघडला,
रिंग दिव्यापुढं धरली.
एका अंगाला चिरलेली, कुणी नख रुतवल्यासारखी.
पाना लावला होता?
हो, म्हणालो.
सुपरवायझरला असं हो
मी कधी म्हटलं नव्हतं.

नवी रिंग तिनं ओली करून दिली.
बोटांना अडेपर्यंत फिरवा, मग पाव फेरा.
पाव म्हणजे किती,
हे माझ्या हाताला खरंच माहीत नव्हतं.
तिनं तिचा हात माझ्या हातावर ठेवला
आणि थांबायचं तिथं
दाबून थांबवला.

मग पुन्हा चोवीस तास.
बारावी घडी मी गॅलरीतल्या उन्हात धरली.
कोरा कागद.
आत ती वायरी जोडत होती,
काहीतरी निळं पेटलं, ती स्वतःशीच ओरडली.
मी घडी खिशात ठेवली, टेफलॉनशेजारी,
आणि बाथरूममध्ये जाऊन
नळाचा वायसर बदलला.