आयत्या वेळचे विषय

अक्षर बरं, म्हणून इतिवृत्त माझ्याकडे.
बसलो दुसरीच्या वर्गात, कारण शाळेत
धड फिरणारा पंखा तेवढाच एक,
आणि दोंडाईचात एप्रिलच्या शेवटाला
मार्केटकडून वारा सुटला की त्याच्यासोबत मिरची येते.
मागील सभेचा वृत्तान्त वाचून कायम करताना
बेडसे सर चार वेळा शिंकले.
हे लिहिलं नाही.

लहान बाकांवर आम्ही मोठी माणसं,
गुडघे हनुवटीला टेकलेले.
सिस्टर बेनेडिक्टा उभ्या, हातात खडू.
फळ्यावर पुढच्या वर्षाचं वेळापत्रक
सकाळीच आखून ठेवलेलं, रेघा पट्टीने.

एक मे : साडेसातला झेंडा,
मग कामगार संत योसेफाची प्रार्थना, मग निकाल.
इग्नास मामा दारातूनच म्हणाले,
दोरी एकच आहे, झेंड्याला लावू का घंटेला?
चर्चेअंती नवीन दोरी मंजूर,
एकशे वीस रुपये, किरकोळमधून.

पाचवीच्या वर्गाची फाईल धुळ्याला आहे.
गेल्या वर्षीही धुळ्यालाच होती.
म्हणजे चौथीची सतरा पोरं जूनपासून
रुळांच्या पलीकडे जाणार.
त्यांच्या दाखल्यांवर मी सतरा वेळा लिहिलंय
'वर्तणूक : चांगली',
फक्त कौतिकपाशी पेन थांबलं होतं.
ह्यानेच पाण्याच्या टाकीत बेडूक सोडले.
ह्यानेच पहिलीतल्या तापलेल्या पोराला
कुणाला न विचारता पाठीवर घेऊन दवाखाना गाठला,
फाटक बंद होतं तर गाडी जाईपर्यंत
त्याला म्हणे डबे मोजायला लावले.
'चांगली' लिहिलं. रकाना तेवढाच असतो.

मग पट. तिसरीत एकतीस धरायचे का बत्तीस?
सेवंती मालचेचे आईबाप दिवाळीनंतर
बारडोलीकडे उसाला गेले, पोरीला घेऊन.
दरवर्षी होळीला परततात.
होळी झाली, राखही उडून गेली, ते आले नाहीत.
ती सतराला 'सत्तर' म्हणायची, तिकडच्या पद्धतीने,
आणि वर्ग हसायचा.
पहिल्यांदा मीही हसले होते.
नंतर एकदा तिने मला बोटं मोजून दाखवली,
दोन्ही हातांची, मग बाजूच्या पोरीची सात उसनी घेऊन,
'बघा बाई, सत्तर इतकेच असतात.'

बेडसे सर म्हणाले, नियमाने नाव कमी करावं लागेल.
त्यांचं चुकत नव्हतं.
सिस्टरांनी बाकांकडे पाहिलं.
'सोळा बाक. एकतीस लिहिले तर
एक लेकरू एकटं बसेल.'
आणि फळ्यावर बत्तीस लिहिले.
सूचक, अनुमोदक विचारायचं राहून गेलं,
मी माझ्या मनाने दोन नावं घातली.
त्यातलं एक बेडसे सरांचं.
त्यांनी वाचलं आणि सही केली.

मायमाऊलीच्या महिन्यात ग्रोटोला चुना,
मुतारीच्या नळाची तोटी,
गणवेशाचं कापड याच दुकानातून का, यावर पाऊण तास.
चहा आला, त्यातही मिरचीचा वास.

आयत्या वेळचे विषय, मी वाचलं.
कुणीच बोलेना.
सिस्टर मूळच्या मंगळूरच्या.
मराठी शिकल्या पुस्तकातून, अहिराणी पोरांकडून,
म्हणून त्यांची मराठी आज्ञा केल्यासारखी
आणि अहिराणी रुसल्यासारखी.
त्या दिवशी अहिराणीत म्हणाल्या,
'मनी बदली व्हयी गयी. जूनमा मी आठे नही.'

तेव्हा आम्ही फळ्याकडे नीट पाहिलं.
प्रत्येक वर्गाचा पहिला तास कोरा होता.
सकाळपासून आम्हाला वाटत होतं
भरायचा राहिलाय.

बाहेर सुरतेची गाडी गेली, खिडक्या थरथरल्या.
मी पेन उघडून बसले, टोपण दातांत.
इग्नास मामांनी दारातूनच विचारलं,
'सिस्टर, मग दोरी आजच आणू का?'