एका हाताचं बक्कल

आलेखात दर आठवड्याला तेच भोक.
शनिवारी संध्याकाळी सहाला नाडी थांबायची,
मंगळवारी पावणेअकराला पुन्हा सुरू.
मधले अडीच दिवस इम्पी केल्लोकुम्पू, वय एक्क्याऐंशी,
आमच्या लेखी कुठेच नव्हती.

"विसरतात म्हाताऱ्या," यार्क्को म्हणाला,
"आठवण करून देणारी घंटी टाकू. जरा मोठ्यानं वाजणारी."
औलूच्या आमच्या कचेरीत भिंतभर चिठ्ठ्या,
पिवळ्या, गुलाबी:
वापरायला सोपं, वापरायला सोपं,
आम्हीच आम्हाला बजावलेलं.
मीही एक चिकटवली: घंटी.
मग काय वाटलं कोण जाणे,
गाडी काढली.

केमियार्वीच्या पुढे रस्ता कुठला आणि तळं कुठलं
हे फक्त खांबांना माहीत होतं.

तिनं उजव्या हातानं कॉफी ओतली.
डावा मांडीवर होता,
कुणीतरी सांभाळायला देऊन गेल्यासारखा.
अर्जात 'पक्षाघात' समोर खूण होती.
ती मीच पडताळली होती.

पट्टा साखरेच्या भांड्याशेजारी पडलेला.
मी म्हटलं, घालून दाखवता?
तिनं तो मनगटावर ठेवला. घसरला.
गुडघ्यांत धरला, हनुवटीनं दाबला,
बक्कलाची जीभ नेमकी भोकापाशी आणली
आणि भोकच सरकलं.
असं तीनदा.
चौथ्यांदा ती हसली,
आणि मी खिडकीबाहेर बघायला लागले,
जिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

सोळा महिने खपले होते मी त्या बक्कलावर.
तीन धातू, अकरा नमुने,
दोनशे मनगटांचे साचे घेतलेले.
प्रत्येक मनगटाला
मी न विचारता एक दुसरा हात जोडला होता.

"शनिवारी सौनासाठी काढते. तापतं ते, चावतं.
काढायला एक हात पुरतो.
लावायला मार्युत लागते."

मार्युत म्हणजे टपालवाली.
मंगळवारी येते, पत्र असो नसो.
पायरीवर बूट आपटते,
हातमोजा दातांत धरून ओढते
आणि गार बोटांनी बक्कल लावते.
गार बोटांबद्दल दर वेळी माफी मागते.

निघताना मी पाहिलं:
दाराच्या चौकटीत एक खिळा होता.
इम्पीनं ॲप्रनची नाडी त्यात अडकवली,
जागच्या जागी एक गिरकी घेतली,
झटका दिला. बसली गाठ.
मी नाडी मोजायला आले होते,
तिनं मला नाडी बांधून दाखवली.

त्या खिळ्यावरून नवा पट्टा निघाला.
एक फासा, एक चुंबक,
टेबलाच्या कडेला अडकवायचा आणि ओढायचा.
जीभ नाही, भोक नाही.
मे महिन्यात आलेख सलग आला,
शनिवार, रविवार, सोमवार, सगळे भरलेले.
कचेरीत ब्लूबेरीचा केक कापला.
चिठ्ठ्या काढताना मी माझी 'घंटी'
चुरगळून खिशात टाकली.

जूनमध्ये नवं भोक.
सोमवारी रात्रीपासून मंगळवारी पावणेअकरापर्यंत.
दर आठवड्याला, न चुकता.
"चुंबक सैल पडतंय," यार्क्को म्हणाला.
मी जुने आलेख काढून बसले.
पावणेअकरानंतर पहिली काही मिनिटं
ठोके सहा-सात जास्त असायचे, मग हळूहळू खाली यायचे.
आम्ही ते गाळून टाकायचो.
यंत्राची गडबड, असं धरून.

फोन केला. "पट्टा झकास," इम्पी म्हणाली,
"पोराटोरांनाही लावता येईल."
मग मंगळवारचं विचारलं.
ती थोडी थांबली. कपबशी वाजली.
"हल्ली टपाल पेटीत टाकून पुढे जायची ती.
म्हणाली, आता तुमचं तुम्हाला येतं की."
पुन्हा कपबशी. "दुपारी फोन कर.
ती आलीये, बूट काढतेय."

बिघाडांच्या वहीत त्या ओळीसमोर
मी लिहिलं: बिघाड नाही. सोडून द्यावे.
यार्क्को अजून विचारतो, कारण काय लिहू?
रकाना रिकामाच आहे.