तोंडओळख

मंगळवारची बोट वाऱ्याने रद्द झाली,
बुधवारची निघाली.
मांडीवर निळा डबा, त्यात बर्फाच्या पिशव्या,
मधे या बेटाच्या वाट्याच्या सहा कुप्या.
तांडेल म्हणाला, एवढंसंच?
म्हटलं, बेटही एवढंसंच आहे.

फेरोच्या या टोकाला चर्चच्या कपाटात एक जुनी वही आहे.
गेल्या हिवाळ्यात चार दिवस अडकून पडले
तेव्हा चाळली होती.
मे महिना. डेन्मार्कच्या जहाजातून एक सुतार उतरला,
त्याच्या मागोमाग गोवर.
एका आठवड्यात अकरा नावं, अक्षर वळणदार.
पुढचे तीन आठवडे पान कोरं.
लिहिणारा पाद्रीच अंथरुणाला खिळला होता.

नाव पाण्यात लोटायला आठ माणसं लागतात.
पायांवर उभी होती तीन.
मासे किनाऱ्याशी येऊन परत गेले.
गाई तटतटल्या सडांनी
रात्रभर हंबरत राहिल्या.

मग समासात, तिरप्या थरथरत्या अक्षरात:
राणवाने धारा काढल्या. सगळ्यांच्या.

राणवा, वय सत्तर.
पाच वर्षांची असताना तिला गोवर येऊन गेलेला.
त्याच साथीत दोन भाऊ गेले,
ही उरली, एका कानाने बहिरी.
आता घरोघर जात होती बादली घेऊन,
लाल पुरळाच्या कपाळांवर ओली फडकी ठेवत,
आणि तिला काही म्हणता काही होत नव्हतं.
कुणीतरी चेटकीण म्हणालं असणार.
वहीत तसं नाही, पण मी या लोकांना ओळखते,
त्यांच्यातलीच आहे.
ती म्हणे एवढंच सांगायची:
त्याची माझी जुनी ओळख.
तो माझ्या वाटेला जायचा नाही.

पासष्ट वर्षं!
भावांचे चेहरे तिला आठवत नव्हते,
रक्ताला मात्र गोवराचा चेहरा पाठ होता.

मला राग येतो तो किमतीचा.
एक ओळख, आणि तिच्यापायी
दोन भाऊ, एक कान.

टुरीदच्या छपरावरचं गवत आडवं झालंय.
हानुस दारातच, हात खिशात.
त्याने बरंच वाचलंय, रात्री जागून, फोनवर.
पोराला ताप येईल, म्हणतो.
येऊ शकतो, म्हणते मी. आठवड्याभराने, एखाददोन दिवस.
खोटं बोलून परतीची बोट पकडायची
मला सवय नाही.
मग कशाला?
या कुपीतला गोवर थकवलेला आहे रे,
दात पाडलेला.
नुसती तोंडओळख करून द्यायची.
नाव, चेहरा, चालायची ढब.
पुढे कधी खरा आला
तर उंबऱ्यावरच कळावं, हा तो.
आणि एका भेटीत सगळ्यांनाच ओळख पटते असं नाही,
म्हणून चार वर्षांचा झाला की पुन्हा.

तो काही बोलत नाही.
आत पाळण्यात टुरीदच्या बहिणीचं बाळ,
पाच महिन्यांचं, मुठी आवळून झोपलेलं.
त्याच्यासाठी माझ्या डब्यात अजून काही नाही.
हानुसची नजर टेकडीवर जाते.
वादळात मेंढ्या अंगाला अंग लावून उभ्या,
कोकरं मधोमध.
त्याला हे मी काय शिकवणार?
त्याच्या घरात मेंढ्याच मेंढ्या, पिढ्यान्‌पिढ्या.

खिशातून हात निघतात.
पोर मांडीवर घेतलं जातं.
सुई, मग किंकाळी,
मग कुत्र्याचं भुंकणं, मग टुरीदचं हसू, ओलं.
मी लिहिते: बाइनिर, तेरा महिने, डावी मांडी.

पुढच्या बुधवारी ताप आला तर?
फोन कर. उचलेन.

धक्क्यापर्यंत डबा त्यानेच आणला,
दोन्ही हातांनी, सांभाळून,
काठोकाठ भरलेलं भांडं धरावं तसा.
मी सांगितलं नाही
की तो आता रिकामा आहे.