चिंचोके

मातोंडकर सरांनी मला चिंचोक्यांच्या दोन पुरचुंड्या दिल्या.
साधे ते गिरपाचे, चुना लावलेले ते इनासचे.
पास पोचला की चिंचोका उजव्या खिशात,
चुकला की डाव्या.
मी बर्फाच्या कारखान्यात वर्षभर लाद्या मोजतो,
वितळलेलं धरून हिशेब लावतो,
म्हणून हे काम माझ्याकडे.

वेळागरचं मैदान. एका अंगाला सुरूची झाडं,
दुसऱ्या अंगाला उतार, मग पुळण, मग समुद्र.
आमच्या वेळी स्टॉपरला एकच धडा असायचा:
संशय आला की सुरूत मार.
सात वर्षं मी सुरूत मारत आलो.
दोन-तीन बॉल तरी अजून तिथे सुयांखाली कुजत असतील.

आधी बचाव.
सरांनी विचारलं होतं, भिंत आहे की नुसतं कुंपण?
मी लिहिलं: रापण.
चौघे एका दोरीला. गिरप पाऊल मागे घेतो
आणि दोरी चौघांच्या खांद्यांवरून सरकते.
डावीकडचा आरिफ तेवढा अर्धं पाऊल उशिरा.
मासा तिथून निसटतो.
आरोंद्याचा नऊ नंबर दोनदा तिथूनच गेला;
एकदा झेंडा वर झाला, एकदा बार वाजला.
हवेतल्या बॉलसाठी गिरप उडी मारत नाही.
होडी लागायच्या आधीच टोपली घेऊन
गुडघाभर पाण्यात उतरलेल्या गिऱ्हाइकासारखा
तो नुसता तिथे असतो.

मग पास. हाफटाइमला खिसे उलटे केले.
गिरप: पोचले पस्तीस, चुकले दोन.
इनास: पोचले बारा, चुकले नऊ.
हिशेब सरळ दिसतो.
पण लादी पोचणं वेगळं आणि बर्फ पोचणं वेगळं,
हे मला कोणी शिकवायला नको.
गिरपाच्या पस्तिसांतले एकोणीस गोलकीपरला,
उरलेले सोळा इनासला, पाच पावलांवर.
इनासच्या नवांतले चार मात्र असे
की बॉल दोन माणसांच्या मधून
तांबड्या मातीवर रेघ ओढत गेला
आणि आमचा विंगर तिथे नव्हता.
असायला हवा होता.
हा चिंचोका कुठल्या खिशात?
मी तो मुठीत धरून बसलो.

तीननंतर खारा वारा सुटला. बॉल परत परत मागे येऊ लागला.
सुरूखालून कोणी ओरडलं,
"मार भायर रे इन्या! नाच कसलो करतंस!"
इनासने बॉलवर पाय ठेवला.
नऊ नंबर धावत येत होता. आणखी जवळ.
माझ्याच पोटऱ्या आखडल्या,
माझाच पाय बाकाखाली सुरूकडे उडाला.
त्याने वाट पाहिली, आणि वाऱ्याच्या खालून बॉल सोडला.

तेव्हा दिसलं. पाय डावा होता.
इनास तर उजव्याचा.
मग मी गिरपाकडे पाहू लागलो.
पाच पावलांवरचा तो आळशी, भित्रा वाटणारा पास
दर वेळी, न चुकता,
इनासच्या डाव्या पायावर.
मंगळवारी होडीत शेंगाळ्याचा काटा
इनासच्या उजव्या अंगठ्यात घुसला होता,
हे बर्फ न्यायला आलेला तांडेल बोलता बोलता बोलून गेला होता.
सरांना ठाऊक नव्हतं.
गिरप त्याच होडीवर आहे.

सामना शून्य-शून्य.
टेम्पोत सरांनी वही मागितली.
"आरिफ अर्धं पाऊल मागे राहतो," मी म्हटलं,
"त्याच्या कानाशी ओरडणारा कोणी हवा."
"आणि पासिंग?"
मी दोन्ही खिसे त्यांच्या मांडीवर रिकामे केले.
घामाने चुना केव्हाच गेला होता,
कुठला कोणाचा, मलाही सांगता येईना.
सरांनी एक उचलला, नखाने खरवडून पाहिला,
आणि मागच्या बाकावर
अंगठ्याला फडकं बांधत बसलेल्या दोघांकडे
वळून न बघता
तो तोंडात टाकला.