वॉरंटी

कोपरखैरणे, सेक्टर पंधरा. रात्रीचे साडेदहा.
बाबा रबाळ्याला, नाइट शिफ्टवर.
हेरंब दातांत स्क्रूड्रायव्हर धरून पुटपुटतो,
टॉर्च नीट धर गं.

मागच्या स्क्रूवरचा स्टिकर अजून शाबूत:
फाटल्यास वॉरंटी रद्द.
वॉरंटी संपून आठ वर्षं झाली,
तरी बाबा त्याला नख लावू देत नाहीत.
बारा हप्त्यांचा डबा,
वाशीच्या शोरूममधून रिक्षात मांडीवर आणलेला.

झाकण सरकलं.
पंख्याच्या पात्यांवर राखाडी लोकर,
आणि तळाशी अक्षता.
आठ-नऊ दसऱ्यांच्या असतील,
जाळीतून एकेक घरंगळलेल्या,
कुंकू धरून बसलेल्या.

नवं कार्ड दोन बोटं लांब निघालं.
हार्ड डिस्कचा पिंजरा हलेना,
पॉवर सप्लायला हवी ती पिनच नाही.
दळवी फोनवर हसला: कंपनीचा डबा ना?
त्याला आखूड कार्ड लागतं,
स्लॉटमधून मिळेल तेवढ्या विजेवर भागवणारं.
उद्या या, बदलून देतो.

हेरंबने ब्रशने धूळ तेवढी काढली.
अक्षतांना हात लावला नाही.
स्टिकरचे दोन तुकडे मी
नखाने दाबून जुळवले.

सकाळी बाबांनी बटण दाबलं.
थोडा वेळ कान देऊन उभे राहिले.
आज आवाज कमी का रे याचा?